वाडीतली गैरहजर माणसं मोजायची कशी?

पत्र : मी बारावीला कला शाखेत आहे. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. भूगोलात लोकसंख्येचे धडे झाले आणि सरांनी ‘माझी वाडी आणि स्थलांतर’ असा प्रकल्प दिला. पाहणी, तक्ते, आलेख आणि शेवटी दोन पानं स्वतःचे विचार. आमच्या वाडीत ३४ घरं आहेत, त्यांतली ९ कुलूपबंद. बाबा मुंबईत नोकरीला, गणपतीला नि शिमग्याला येतात. सरांनी माणसाला गावाबाहेर ढकलणारे घटक फळ्यावर लिहिले, गरिबी, बेकारी, सोयींचा अभाव, तेव्हा बाबांना कुणीतरी घरातून हाकलून दिलंय असं वाटायला लागलं. मग रत्नागिरीचं लिंग गुणोत्तर राज्यात सगळ्यांत जास्त, हजारी ११२२, हे कळल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. मला त्या पटल्या नाहीत, पण का ते सांगता येईना. पुढच्या वर्षी मीही मुंबईला कॉलेजला जाणार. मग मीही स्थलांतरित का? पाहणी नेमकी कशी करू आणि त्या दोन पानांत काय लिहू? वही जानेवारीत द्यायची आहे.

उत्तर :

टाळ्या तुला पटल्या नाहीत ते बरोबरच झालं. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ महिला मोजल्या गेल्या. हजार पुरुषांमागे ११२२ महिला हा आकडा तिथून आला. पण त्याच जनगणनेत याच जिल्ह्याचा ० ते ६ वर्षांचा गट बघितलास तर तिथे मुलींपेक्षा मुलगेच जास्त आहेत. मुलींचा जन्म आपल्याकडे जास्त साजरा होतो म्हणून ११२२ झालं असतं, तर ते आधी पाळण्यात दिसलं असतं. ते दिसतं कमावत्या वयात. पुरुष त्या वयात जिल्ह्याबाहेर आहेत, म्हणून भागाकार वर गेला. मुंबई शहराचं गुणोत्तर त्याच वर्षी ८३२ आणि उपनगर जिल्ह्याचं ८६० होतं. तिथले जास्तीचे पुरुष काही एकट्या कोकणातले नाहीत, देशभरातले आहेत. पण तुझ्या घरासारखी हजारो घरं अशी आहेत की त्यांचं एक टोक रत्नागिरीच्या आकड्यात आहे आणि दुसरं मुंबईच्या.

हे असं का होतं, ते जनगणना माणसाला कुठे मोजते यावर आहे. २०११ला प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली आणि संदर्भाचा क्षण होता १ मार्चच्या मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं. जो त्या वीस दिवसांत घरी अजिबात फिरकला नाही, तो त्या घरात धरायचा नाही असा नियम. त्या वर्षी होळी होती १९ मार्चला. म्हणजे चाकरमानी शिमग्याला गावात पाऊल टाकायच्या आधीच मोजणी आटोपली होती. बाबांची नोंद मुंबईतल्या खोलीवर झाली असणार, आणि ते योग्यच आहे, कारण वर्षातले बहुतेक दिवस ते तिथे पाणी, रस्ता, लोकल वापरतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घे, कारण तुझा सगळा प्रकल्प तिच्यावर उभा राहणार आहे. जनगणनेचा प्रगणक विचारतो, ‘तुमचा जन्म कुठला? याआधी कुठे राहत होता? इथे कधी आलात, कशासाठी?’ हे प्रश्न समोर असलेल्या माणसाला असतात. ‘तुमच्या घरातलं कोण गेलंय?’ असा प्रश्न त्यात नाही. त्यामुळे गावाच्या तक्त्यात गावात आलेले लोक सापडतात, गावातून गेलेले सापडत नाहीत. ते जिथे पोचले तिथल्या तक्त्यात असतात. तुझ्या वाडीतून कोण, कधी, कुठे गेलं हे सरकारी आकड्यांतून तुला मिळणार नाही. ते तुलाच दारोदार जाऊन विचारावं लागेल, आणि म्हणूनच हा प्रकल्प करण्यासारखा आहे.

याच व्याख्येचा दुसरा परिणाम तुला गंमतीचा वाटेल. तुझ्या आईचं माहेर दुसऱ्या गावात असेल, तर जनगणनेच्या हिशेबात तुझ्या घरातली स्थलांतरित व्यक्ती आई आहे. कारण : विवाह. २०११ला देशात सुमारे ४५ कोटी लोक अशा अर्थानं स्थलांतरित होते आणि त्यांत सगळ्यांत मोठं कारण लग्न हेच होतं. फळ्यावर गरिबी आणि बेकारी येते, लग्न क्वचितच येतं. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी बाई दुसऱ्या गावाहून आलेली असते आणि तिला कुणी स्थलांतरित म्हणत नाही. रेव्हनस्टाईन नावाच्या अभ्यासकानं १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले, त्यांत हे होतं की बहुतेक लोक थोड्या अंतरावर जातात आणि थोड्या अंतरावरच्या हालचालीत स्त्रिया जास्त असतात. तुझ्या वाडीत हा नियम तपासता येतो. तालुक्याचा नकाशा घे, प्रत्येक सुनेचं माहेर ते वाडी अशी रेघ काढ. मग दुसऱ्या रंगात नोकरीसाठी गेलेल्यांच्या रेघा काढ. माहेरच्या रेघा बहुधा शेजारच्या खोऱ्यातच संपतील आणि नोकरीच्या रेघा तीनशे किलोमीटरच्या आसपास लांब जातील. मधल्या अंतरावर, म्हणजे चिपळूण-महाड-पनवेल पट्ट्यात, किती जण थांबले ते जरूर बघ.

आणि हो, तूसुद्धा. मुंबईत वसतिगृहात राहिलीस तर जनगणना वसतिगृहाला ‘संस्थात्मक कुटुंब’ धरते आणि तिथे राहणाऱ्यांना तिथेच मोजते. २०२१ची जनगणना झालीच नाही; पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या फेब्रुवारीत तू वसतिगृहात असशील तर तुझी नोंद मुंबईत, कारणाच्या रकान्यात ‘शिक्षण’. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. ती नोंद आहे.

आता पाहणी. आधी दोन गोष्टी ठरव आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही : ‘घर’ कशाला म्हणणार आणि ‘आज’ कधी धरणार. इथेच बहुतेक मुलांचे प्रकल्प घसरतात.

घराची खूण म्हणजे चूल. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं रांधत असतील तर ती दोन कुटुंबं. उलट मुंबईतल्या भावाची खोली कुलूपबंद आहे, पण बाकीच्या घरात आई-वडील राहतात, तर ते बंद घर नव्हे. तुझी ३४ घरं या नियमानं पुन्हा मोज; आकडा बदलला तर घाबरू नकोस. बंद घरांचेही दोन प्रकार पाड : सणाला उघडणारी आणि कधीच न उघडणारी. दारापुढे शेण सारवलेलं आहे का, पावसाआधी कौलं परतलेली आहेत का, विजेचं मीटर चालू आहे का, यावरून शेजारी तुला एका वाक्यात सांगतील. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, ज्याला नमुना ८ म्हणतात, घरांची यादी मिळते. ती पडताळ्याला घे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये कोणती मुलं मधूनच दाखला काढून गेली ते असतं. कुटुंब अख्खं केव्हा हललं याचा याहून चांगला पुरावा गावात नाही. मुख्याध्यापकांकडे सरांचं पत्र घेऊन जा. नावं उतरवू नकोस, फक्त वर्षवार संख्या लिही. रेशनकार्ड आणि मतदार यादीवर मात्र विसंबू नकोस. वीस वर्षांपूर्वी गेलेल्याचं नावही तिथे टिकून असतं.

तारीख म्हणशील तर १ डिसेंबर धर. भातकापणी, झोडणी उरकलेली असते, दिवाळीला आलेले परत गेलेले असतात. तू घरोघरी १२ तारखेला गेलीस तरी प्रश्न ‘१ डिसेंबरला कोण होतं?’ हाच. गणपतीत मोजलंस तर वाडी भरलेली दिसेल. ते खोटं नाही, पण ते पाच-सात दिवसांचं चित्र आहे. जमलं तर गणपतीतला आकडा आठवणीनं विचारून शेजारच्या रकान्यात लिही. एकाच घरात डिसेंबरला ३ आणि गणपतीला १४ असं निघालं की तो तक्ता आपणच बोलतो.

‘बाहेर’ कुणाला म्हणायचं? सहा महिन्यांची रेघ मार. राष्ट्रीय नमुना पाहणीतही सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त राहण्याची जागा हीच नेहमीची राहण्याची जागा धरतात. मग प्रत्येक कुटुंबातली माणसं तीन खणांत पडतील. पहिला खण, वाडीत राहणारे. दुसरा, बाहेर आहेत पण घर चालवण्यात ज्यांचा वाटा आहे : पैसे पाठवतात, बायको-मुलं किंवा आई-वडील इथे आहेत, सणाला येतात. तिसरा, बिऱ्हाडासकट गेलेले. तुझे बाबा दुसऱ्या खणात. पाठ्यपुस्तकातलं ‘कायमचं’ आणि ‘तात्पुरतं’ हे दोनच खण घेऊन गेलीस तर कोकणातली निम्मी घरं कुठेच बसणार नाहीत. कुटुंबाचा एक पाय गावात, एक मुंबईत हीच इथली शंभर-सव्वाशे वर्षांची रीत आहे. गिरण्यांच्या काळात रत्नागिरीचे पुरुष लालबाग-परळला गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोल्यांवर राहायचे, खानावळीत जेवायचे आणि मनीऑर्डर गावी यायची. बायका, म्हातारी आणि शेती इथेच. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता (तो १ मे १९८१ला झाला), म्हणून जुन्या नोंदींतली ‘रत्नागिरी’ आजच्यापेक्षा मोठी आहे. आकडे जुळवताना हे विसरू नकोस.

फॉर्म एका पानाचा ठेव, कुटुंबाला एक पान. वर घर क्रमांक, नाव नाही. खाली प्रत्येक माणसाला एक ओळ : पूर्ण वर्षांतलं वय, स्त्री/पुरुष, जन्मगाव, शिक्षण, काम, खण १-२-३. दुसऱ्या-तिसऱ्या खणातल्यांसाठी आणखी पाच रकाने : पहिल्यांदा कोणत्या वर्षी गेले, तेव्हाचं वय, पहिल्यांदा कुणाकडे उतरले, पहिलं काम, आज कुठल्या स्टेशनला राहतात. एवढं पुरे. यापेक्षा लांब फॉर्म पडवीत बसून कुणी भरू देत नाही.

स्टेशन मुद्दाम म्हटलं. ‘मुंबई’ असं लिहिलंस तर अर्धी माहिती वाया जाईल. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि ठाण्याची ३६ टक्क्यांनी वाढली (त्या ठाण्यात आजचा पालघरही आला, तो १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला). करी रोड, लोअर परळला सुरू झालेली बिऱ्हाडं डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार, बदलापूर अशी सरकत गेली. पहिलं स्टेशन आणि आजचं स्टेशन असे दोन रकाने केलेस की हे दुसरं स्थलांतर तुझ्या तक्त्यात दिसेल. वर्गात कुणी ‘गावची माणसं जाऊन मुंबईत गर्दी करतात’ म्हणालं तर हा तक्ता त्याच्यापुढे ठेव.

वय विचारताना फसगत होते. म्हातारी माणसं ‘झाली असतील साठ’ म्हणतात आणि तुझ्या यादीत ५०, ६०, ७० या वयांवर माणसांचे ढीग पडतात. मधली वयं ओस. उपाय सोपा आहे, प्रसंगाला धरून विचारायचं. संगमेश्वर-चिपळूण पट्ट्यात सगळ्यांत उपयोगी प्रसंग म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. ‘भूकंप झाला तेव्हा केवढ्या होतात, शाळेत जात होतात का, लग्न झालं होतं का?’ एवढ्यावर एक-दोन वर्षांच्या फरकानं वय निघतं. कधी गेले यासाठी गिरणी संपाचं १९८२ (जानेवारीत सुरू झाला), कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ते १९९८ आणि टाळेबंदीचं २०२० ही तीन वर्षं धर : ‘संपाच्या आधी का नंतर?’ संपानंतर आणि टाळेबंदीत परत आलेलेही विचार. ते राहिले की पुन्हा गेले? परतीच्या वाटेला पाठ्यपुस्तकात दोन ओळी असतात, तुझ्या वाडीत कदाचित चार घरं असतील.

‘का गेलात?’ असा थेट प्रश्न विचारू नकोस. शंभरातले नव्वद जण ‘पोटासाठी’ म्हणतील आणि तुझी वही फळ्यावरच्या यादीसारखी होईल. त्याऐवजी तीन प्रश्न विचार. त्या वर्षी घरात काय चाललं होतं? कुणाच्या ओळखीनं गेलात? गेला नसतात तर इथे काय केलं असतं? पहिल्या प्रश्नातून बहिणीचं लग्न, वडिलांचं आजारपण, दहावीची नापासी असं खरं कारण येतं. दुसऱ्यातून साखळी दिसते : मामानं नेलं, मामाला शेजाऱ्यानं नेलं होतं. एका घरापासून बाण काढत गेलीस तर निम्मी वाडी एका माणसाच्या मागून गेलेली निघू शकते. तिसऱ्याला उत्तर देताना माणूस थांबतो. तिथे घाई करू नकोस, आणि जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरव.

बाबांना कुणी हाकललं का, याचं उत्तर इथेच आहे. ढकलणारे आणि ओढणारे घटक ही मांडणी एव्हरेट ली या अभ्यासकांच्या १९६६च्या लेखामुळे रूढ झाली, पण त्यांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या : निघण्याच्या जागेचे घटक, पोचण्याच्या जागेचे घटक, मधले अडथळे आणि माणसाचे स्वतःचे घटक. शाळेत पहिल्या दोन उरतात. तुझ्या वाडीला पाऊस सगळ्यांना सारखाच पडतो, तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि मार्चपासून पाण्याची ओरडही सगळ्यांना सारखीच. एक भातपीक, वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, थोडी नाचणी, तुकड्यातुकड्यांची जमीन हेही बहुतेकांना. तरी काही गेले नि काही राहिले. फरक कशानं पडला? जमीन कुणाच्या नावावर होती हे विचार. खोती, म्हणजे खोतामार्फत सारा वसूल करण्याची जुनी पद्धत, १९४९च्या कायद्यानं संपली, पण आजोबांच्या पिढीत कोण कूळ होतं आणि कोणाकडे स्वतःची जमीन होती याचा माग आजच्या यादीतही लागतो. घरात दुसरा भाऊ होता का हे विचार. एकानं जायचं आणि एकानं आई-वडिलांपाशी राहायचं हा निर्णय पुष्कळदा अख्ख्या घरानं मिळून घेतलेला असतो. बाबांचा फॉर्म सगळ्यांत आधी भर, फोनवर. वरचे तीन प्रश्न त्यांनाच पहिल्यांदा विचार, म्हणजे प्रश्न कुठे टोचतात हेही तुला कळेल.

पैसे किती येतात हा आकडा कुणालाच विचारू नकोस. खोटा मिळतो आणि दार बंद होतं. ‘दर महिन्याला येतात की लागेल तसे?’ आणि ‘गेल्या वर्षी मोठा खर्च कशावर झाला?’ एवढंच. आणि एक काळजी : कुलूपबंद घरांचा नकाशा वहीत घर क्रमांकासह लावू नकोस, प्रदर्शनात तर मुळीच नको. बंद घरांची यादी हवी असणारे दुसरेही लोक असतात.

आता लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे वय आणि लिंगानुसार पट्ट्यांचा आलेख. हा भाग चांगला जमला तर बाकीचं थोडं कच्चं राहिलं तरी चालेल. एक कल्पित उदाहरण देतो; आकडे समजुतीसाठी आहेत, तुझे वेगळे येतील. समज, वाडीत राहणारे ११२ जण : ४६ पुरुष, ६६ महिला. दुसऱ्या खणात ३८ : २९ पुरुष, ९ महिला. मिळून १५०, बरोब्बर ७५ आणि ७५. नुसते राहणारे घेतलेस तर गुणोत्तर येतं १४३५, बाहेरचे मिळवलेस तर १०००. तीच वाडी, तीच कुटुंबं. वर्गातल्या टाळ्यांचं उत्तर या दोन ओळींत आहे.

आलेख कागदावर मधोमध उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे महिला, खाली लहान वयं. दीडशे माणसांना पाच-पाच वर्षांचे गट पाडलेस तर एकेका पट्टीत मोजकेच जण पडतील आणि मनोरा दातरी दिसेल. दहा-दहा वर्षांचे गट घे, ७०च्या पुढचे एकत्र. प्रमाण १ सेंमीला २ माणसं. आधी राहणाऱ्यांच्या पट्ट्या भरीव रंगव. मग प्रत्येक पट्टीच्या टोकाला लागून दुसऱ्या खणातली माणसं नुसत्या तिरप्या रेघांनी दाखव. तिसऱ्या खणातल्यांना यात घेऊ नकोस, ते आता या घरांचे नाहीत. डाव्या बाजूला २० ते ३९च्या दोन पट्ट्यांपुढे रेघांचा जो पट्टा निघेल तेच तुझ्या वाडीचं स्थलांतर, वय आणि लिंगासकट. पायथ्याकडेही बघ. लहान मुलांच्या पट्ट्या आखूड असतील, कारण तरुण जोडपी बिऱ्हाडासकट गेली की मुलं तिकडे जन्मतात. वरच्या पट्ट्या, विशेषतः उजवीकडच्या, लांब असतील.

जिल्ह्याच्या मनोऱ्याशी तुलना करायला टक्केवारीचा दुसरा मनोरा लागतो, आणि तिथे हमखास चूक होते. प्रत्येक पट्टीचा टक्का एकूण लोकसंख्येवर काढायचा. वरच्याच उदाहरणात २० ते ३९ वयाचे राहणारे पुरुष ६ आणि महिला १५ धर. ११२ वर टक्के काढले तर ५.४ आणि १३.४, म्हणजे महिला अडीच पट. पण पुष्कळ मुलं पुरुषांचा टक्का ४६ वर आणि महिलांचा ६६ वर काढतात. मग ते १३ आणि २२.७ होतात, फरक पावणेदोन पटीवर येतो आणि दोन्ही बाजूंची बेरीज शंभर-शंभर होऊन मनोरा गुटगुटीत दिसतो. गैरहजर पुरुष भागाकारातच दडपले जातात.

लहान आकड्यांचं गुणोत्तर काढताना हात आखडता घे. ६ मुलगे आणि ५ मुली असतील तर गुणोत्तर ८३३. एक मुलगी आणखी जन्मली की लगेच १०००. त्यावरून ‘आमच्या वाडीत मुलींचं प्रमाण घटतंय’ असं लिहू नकोस. मूळ संख्या लिही आणि पुढे हो. अवलंबित्वाचं प्रमाण काढायचं असेल तर ० ते १४ आणि ६०च्या पुढचे यांची बेरीज १५ ते ५९ वाल्यांनी भागून शंभरानं गुण. मनोऱ्यासाठी पाडलेल्या दहा-दहाच्या गटांतून १५ची सीमा सापडत नाही, म्हणून फॉर्मवर नेमकं वय लिहायला सांगितलं. हे प्रमाणही दोनदा काढ, राहणाऱ्यांचं आणि सगळ्यांचं. कागदावर जी म्हातारी ‘अवलंबित’ आहे ती डिसेंबरात कुळीथ-पावटा पेरून, गुरं राखून नातवंडं सांभाळत असते, याची एक ओळ तुझ्या दोन पानांत यायला हरकत नाही.

रत्नागिरीची लोकसंख्या २००१ला १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९ झाली. ८१,७०८नं घट, ४.८२ टक्के. याचा अर्थ ८१,७०८ माणसं निघून गेली असा काढलास तर चुकेल. बदल म्हणजे जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले वजा गेलेले. जन्म मृत्यूंपेक्षा जास्त असताना घट आली, तर येणाऱ्यांच्या तुलनेत जास्तीचे गेलेले ८१,७०८पेक्षाही अधिक असले पाहिजेत. त्याच वेळी राज्यातला जननदरही उतरतोय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. म्हणजे घरं दोन्हीकडून रिकामी होतात : माणसं जातात आणि मुलं कमी होतात. वाडीसाठी हेच समीकरण गेल्या दहा वर्षांचं मांड. जन्म-मृत्यूचे आकडे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आणि आशाताईंकडे मिळतील. पण हल्ली बाळंतपणं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात होतात आणि जन्माची नोंद जिथे जन्म तिथे होते, म्हणून ग्रामपंचायतीचा आकडा कमी येईल. आशाताईंचं रजिस्टर जास्त भरवशाचं.

दोन पानांच्या विचारांसाठी वेगळं काही शोधत बसू नकोस. पाहणीत जिथे पुस्तकाशी जुळलं नाही अशी दोनच ठिकाणं घे आणि प्रत्येकी एक पान लिही. एक लिंग गुणोत्तराचं, ते तुला आधीच खटकलंय. दुसरं तुला पाहणीतच सापडेल. ‘शासनाने उद्योग आणावेत, तरुणांनी गावातच राहावे’ हा शेवटचा परिच्छेद गाळ. तो न वाचताच परीक्षक पान उलटतात.

शेवटी ज्यांना तू विसरशील त्यांच्याविषयी. वाडीतून माणसं जातात हे इतकं डोळ्यांत भरतं की वाडीत येणारी नजरेतून सुटतात. आंब्या-काजूच्या बागेत राखणीला असलेली नेपाळी जोडपी, चिऱ्याच्या खाणीवरचे कर्नाटकातले कामगार, किनाऱ्याकडच्या गावांत ट्रॉलरवरचे खलाशी. हेही स्थलांतरितच, आणि तुझ्या बाबांनी सोडलेली कष्टाची कामं पुष्कळदा तेच करतात. ग्रामपंचायतीच्या यादीत त्यांचं घर नसतं, कारण ते बागेतल्या खोपटात किंवा खाणीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. त्यांच्यासाठी फॉर्म तोच, फक्त बाण उलटा : कुठून आले, कुणाच्या ओळखीनं, घरी कोण आहे. हिंदीत विचार, बागमालकासमोर नको, आणि कागदपत्रं मागू नकोस, नाहीतर तू पोलिसांकडून आलीस असं वाटून ते गप्प होतील. बागेत सकाळी फवारणी असते. दुपारी तीननंतर घरातल्या कुणाला सोबत घेऊन जा.